गाडीतला गॅस ‘संपतो’ कुठे?

एप्रिल उजाडला की बारामती-इंदापूरच्या गॅरेजांमधून एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते. ‘एसीतला गॅस संपलाय, भरून द्या.’ गाडीचा मालक हेच म्हणतो आणि पुष्कळदा मिस्त्रीसुद्धा पाइपला नुसता हात लावून हेच सांगतो. डिझेल संपते, इंजिन ऑइल काळे पडते, ब्रेकचे लायनर झिजतात, तसाच गॅसही संपत असणार, असा सगळ्यांचा समज. वास्तविक एसीतला गॅस जळत नाही की खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून पातळ होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होऊन गाडीतली उष्णता उचलतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. असा तो वर्षानुवर्षे गोल फिरत राहतो. रबरी नळ्यांतून थोडासा झिरपतो हे खरे, पण एका उन्हाळ्यात गायब झाला असेल तर तो कुठल्या तरी भोकातून बाहेर गेलेला असतो. ते भोक शोधायचे कसे, याला एक इतिहास आहे आणि त्यातला बराचसा माझ्या डोळ्यांसमोर घडला आहे.

मी हे काम शिकलो ते गाडीवर नव्हे, बर्फाच्या कारखान्यात. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि पुढे भिगवण, इंदापूरकडे मासळीचा धंदा वाढत गेला. मासळी म्हटली की बर्फ आला आणि बर्फ म्हटला की अमोनिया आला. दुधाच्या शीतकरण केंद्रांतही हाच वायू. अमोनियाचा एक मोठा गुण म्हणजे तो लपून राहत नाही. जरा कुठे सांधा ढिला झाला की डोळ्यांना धारा लागतात. नेमकी जागा हेरायची तर आमचे वस्ताद गंधकाची कांडी पेटवून ती सांध्यासांध्यांवरून फिरवत. गळती असेल तिथे दाट पांढरा धूर उठे. ‘आधी गॅस भरा, गळतीचं नंतर बघू’ असे त्या कारखान्यात कुणी म्हणत नसे, कारण गळती असलेल्या खोलीत उभेच राहता येत नसे!

पण हाच गुण घरगुती फ्रिजच्या आड आला. स्वयंपाकघरात अमोनिया कोण ठेवणार? जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर कंपनीसाठी थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये नवा वायू शोधला. १९३० साली अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांच्या सभेत मिजलीसाहेबांनी तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि पेट घेत नाही, या दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध झाल्या. ‘फ्रीऑन’ या नावाने हे वायू जगभर गेले. आमच्या धंद्यात त्यातल्या मुख्य वायूचे नाव आर-१२. त्याला वासही जवळजवळ नव्हता. मिस्त्रीचे नाक बाद झाले ते तेव्हापासून.

हा वायू गाडीत आला तो अमेरिकेत, पॅकार्ड कंपनीच्या १९४० च्या मॉडेलमध्ये. त्या एसीला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून, कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवायचा. दोनच वर्षांत कंपनीने तो नाद सोडला. गाडीतला एसी पुन्हा वर आला तो १९५० च्या दशकात.

आमच्याकडे मोटारीचा संबंध जुना. ज्या वालचंद हिराचंद यांच्या नावाने इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आमच्या रस्त्यांवर कित्येक वर्षे धावली. तिचा एसी म्हणजे पुढच्या दारातली त्रिकोणी काच. ती तिरकी फिरवली की वारा थेट अंगावर यायचा, आणि वाऱ्याबरोबर धूळही. हौशी मंडळी पद्मिनीला नि ॲम्बॅसिडरला बाहेरून एसी बसवून घेत. पण १०८९ सीसीच्या इंजिनावर कॉम्प्रेसरचे ओझे पडले की गाडी धापा टाकायची. पुण्याहून सासवडमार्गे बारामतीला येताना दिवे घाट लागला की एसी बंद करायचा, हा तेव्हाचा अलिखित नियम होता. मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात. गाड्यांचे एसी बनवणारी सुब्रोस कंपनी १९८५ मध्ये निघाली, तिला जपानी तंत्रज्ञानाची जोड होती. मग कारखान्यातूनच एसी लावून आलेल्या गाड्या दिसू लागल्या. त्रिकोणी काच गेली, खिडक्या बंद झाल्या आणि आमच्यासारख्या फ्रिज-बर्फवाल्यांना गाड्यांचे काम मिळू लागले.

या काळातले आमचे खरे हत्यार म्हणजे हॅलाइड टॉर्च. गॅसवर जळणारा छोटा दिवा, त्याच्या ज्योतीत तांब्याची चकती तापलेली आणि बाजूला हवा ओढणारी रबरी नळी. नळीचे तोंड प्रत्येक सांध्याखाली, होय, खालीच, कारण आर-१२ हवेपेक्षा जड, सावकाश फिरवत न्यायचे. गळती नसेल तर ज्योत फिकट निळी राहायची. आर-१२ चा अंश ओढला गेला की ती हिरवी व्हायची आणि गळती मोठी असेल तर गडद निळी-जांभळी. त्या ज्योतीत वायू जळून विषारी धूर तयार होतो, म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत. अंधाऱ्या शेडमध्ये ती हिरवी झाक दिसली की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरही समाधान यायचे. दोष त्याच्या डोळ्यांना दिसत असे ना! मला वाटते, मिस्त्री आणि गिऱ्हाईक यांच्यातला विश्वास त्या दिव्याने जेवढा टिकवला तेवढा पुढच्या कुठल्याही यंत्राने टिकवला नाही.

तिकडे आकाशात मात्र वेगळेच चालले होते. फ्रीऑनमधला क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो, असा इशारा मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दिला. अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र १९८५ साली जगासमोर आले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. आपल्याकडे २००० साली ओझोनला घातक पदार्थांविषयीचे नियम निघाले आणि १ जानेवारी २००३ पासून नव्या गाडीच्या एसीत आर-१२ वापरायला बंदी आली. देशातले त्याचे उत्पादनही १ ऑगस्ट २००८ पासून थांबले, अपवाद फक्त दम्याच्या पंपासाठी. मोकळ्या हवेत सोडून दिलेला, गळका सांधा तसाच ठेवून पुन:पुन्हा भरलेला तो वायू कुठे जात होता, याचे उत्तर असे दक्षिण ध्रुवावर मिळाले.

त्याच्या जागी आला आर-१३४ए. यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनची चिंता मिटली. आणि क्लोरीन नाही म्हणून आमची ज्योतही हिरवी होईना! दिवा एका रात्रीत आंधळा झाला. नव्या वायूला तेलही वेगळे लागते. आर-१२ बरोबर चालणारे खनिज तेल याच्यात मिसळत नाही. मग ते फिरून परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. जुन्या गाडीत नवा गॅस भरायचा तर तेल, ड्रायर आणि रबरी रिंगा बदलाव्या लागत. तो खर्च टाळून वरच्या वर गॅस बदललेल्या किती तरी गाड्यांचे कॉम्प्रेसर मी उतरवले आहेत.

इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर आले, गळती उजेडात आणणारा रंग आला, पण ते सगळ्यांना परवडणारे नव्हते. गॅसची बाटली मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर मिळू लागली. गळती शोधण्याचे साधन गेले आणि गॅस भरण्याचे साधन स्वस्त झाले. ‘भरून द्या’ची सवय आमच्या भागात रुजली ती याच काळात, असे माझे मत आहे.

एक उदाहरण सांगतो. भिगवणकडचा एक चालक होता. डायालिसिसच्या पेशंटना पुण्याला नेण्या-आणण्याचे काम तो करी. आठवड्यातून दोनदा-तीनदा जायचे, पेशंट येताना गळून गेलेला आणि गाडीत एसी लागत नाही. दोन महिन्यांत तीन ठिकाणी त्याने गॅस भरून घेतला होता.

‘काका, गॅस तर नवाच आहे, तरी गार का होईना?’

मी विचारले, ‘हायवेला गार होते का?’

‘हायवेला बरं असतं. भवानीनगरला उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो की गरम हवा सुरू.’

निम्मे निदान या उत्तरातच होते. पळत्या गाडीला समोरचा वारा मिळतो. थांबलेल्या गाडीत कंडेन्सरला वारा देतो तो पंखा. गेज लावले. उन्हाळ्यात आर-१३४ए ला खालच्या बाजूला साधारण ३५ ते ४५ पौंड आणि वरच्या बाजूला २०० ते २५० पौंड दाब असावा. इथे खाली ६० च्या पुढे आणि वर ३५० च्या जवळ. म्हणजे गॅस कमी नव्हता, उलट जास्त झाला होता! पुढची जाळी काढली तर पंख्याची मोटर बंद आणि कंडेन्सरच्या पापुद्र्यांत रस्त्यावरची धूळ, पाचटाचा भुगा यांचा थर बसलेला. गळीत हंगामात आमच्याकडच्या गाड्यांचे हे नेहमीचेच. वाढीव गॅस यंत्राने काढून घेतला, जाळी हलक्या धारेने धुतली, मोटर बदलली, अर्धा तास व्हॅक्यूम दिला आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमांइतकाच गॅस तोलून भरला. गळती नव्हतीच. तीन वेळा पैसे गेले ते नसलेल्या रोगाच्या औषधावर, आणि त्या औषधाने कॉम्प्रेसरवरचा ताण वाढवला तो वेगळाच.

दाब दोन्हीकडे कमी असेल तर मात्र गळती धरावी. गॅसबरोबर तेलही फिरत असते, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर आपली धूळ चिकटते. आमच्या कोरड्या मुलखाने मिस्त्रीवर केलेला हा एक उपकार. पंधरा-वीस मिनिटे गार होऊन एसी बंद पडतो, गाडी थांबवून ठेवली की पुन्हा चालतो, अशी तक्रार असेल तर आत पाण्याचा अंश गेलेला असतो. तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात गोठतो आणि वितळतो. व्हॅक्यूम न देता भरलेल्या गॅसचा हा प्रसाद.

बाटलीत काय आहे, हा आणखी एक प्रश्न. बोरीसारख्या गावांतली द्राक्षे ज्या थंड कंटेनरांतून परदेशी जातात, तशाच काही कंटेनरांचे २०११ मध्ये परदेशात दुरुस्तीच्या वेळी स्फोट झाले आणि माणसे दगावली. आर-१३४ए म्हणून भरलेल्या मालात मिथाइल क्लोराइडची भेसळ निघाली. ते ॲल्युमिनियमशी संयोग पावून असा पदार्थ तयार करते की हवा लागताच तो पेटतो. ही भेसळ ओळखायला पुढे काय वापरले, ठाऊक आहे? हॅलाइड टॉर्च! शुद्ध आर-१३४ए मध्ये क्लोरीन नसते, तेव्हा ज्योत हिरवी झाली की माल खोटा. अडगळीत टाकलेला आंधळा दिवा असा पुन्हा कामाला आला. गाड्यांच्या एसीतही ॲल्युमिनियमच असते, एवढे लक्षात असू द्या.

आता आर-१३४ए चीही पाळी आली आहे. ओझोनला तो निरुपद्रवी असला तरी वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ मध्ये अशा वायूंचा वापर गोठवायचा आणि २०३२ पासून तो उतरवत न्यायचा आहे. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत हा वायू चालत नाही. तिथे आलेला आर-१२३४वायएफ किंचित पेट घेणारा आहे.

आणि रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या आल्या आहेत. त्यांचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नव्हे, शेकडो व्होल्टच्या विजेवर चालतो आणि मोटर त्याच्या पोटातच, तेलात बुडालेली. नेहमीचे पॅग तेल इथे चालत नाही. ते ओलावा ओढते आणि त्यातून वीज झिरपू शकते. थोडेसे जरी आत गेले तरी गाडीची यंत्रणा इन्सुलेशनचा दोष दाखवून बंद पडू शकते. म्हणून आमच्याकडची शहाणी मुले इलेक्ट्रिक गाडीसाठी गेजच्या नळ्यासुद्धा वेगळ्या ठेवू लागली आहेत, आणि त्यांवर रंगाने खूण करून.