हिमा: राखलेल्या कुरणाचा इतिहास

उर्दूच्या तासाला दरवर्षी एक चूक हमखास सापडते. ‘हामी भरना’ लिहिताना निम्मी मुले ‘हलव्यातली हे’ म्हणजे बडी हे लिहितात. होकार देणे या अर्थाच्या हामीला छोटी हे लागते. बडी हे लागते ती हिमायत करणाऱ्या, पाठीशी उभे राहणाऱ्या हामीला. ही दुसरी हामी अरबी आहे आणि तिचे मूळ ‘राखणे, जपणे’ असे आहे. फळ्यावर हे समजावताना त्याच मुळातला आणखी एक शब्द मी लिहितो, जो आपल्या बोलण्यात कधीच आला नाही. तो म्हणजे हिमा.

हिमा म्हणजे राखलेली जमीन. गावाने किंवा टोळीने ठरवून कुरणाचा, झाडोऱ्याचा, पाणथळीचा एखादा तुकडा काही काळ किंवा कायमचा जपायचा. मराठी वाचकाला लगेच देवराई आठवेल. पण देवराईला देवाचा धाक असतो. हिमामागे असतो तो माणसांचा आपसातला ठराव.

सुरुवातीला मात्र तो ठरावही नव्हता, दांडगाई होती. इस्लामपूर्व अरबस्तानातला बलवान सरदार उंचवट्यावर कुत्रे उभे करून भुंकायला लावी. भुंकणे जिथवर ऐकू जाई तिथवरची जमीन त्याचा हिमा. तिथे इतरांना बंदी, पण त्याची स्वतःची जनावरे सर्वांच्या कुरणातही चरायला मोकळी. वाइल घराण्याच्या कुलैब या सरदाराची कथा अरबांत प्रसिद्ध आहे. त्याच्या हिमात एका चंडोल पक्षिणीने अंडी घातली होती आणि कुलैबने तिला अभय दिले होते. बसूस नावाच्या बाईच्या पाहुण्याची सांडणी आत शिरली आणि तिच्या पायाखाली ती अंडी फुटली. कुलैबने सांडणीला बाण मारला. मग बसूसच्या भाच्याने, जस्सासने, कुलैबलाच ठार केले. हा जस्सास कुलैबचा मेहुणाही होता. त्यातून पेटलेले युद्ध चाळीस वर्षे चालले असे सांगतात. कथेत अतिशयोक्ती असेल. पण पाखराला अभय आणि गरिबाच्या जनावराला बाण, हे त्या जुन्या हिमाचे चित्र खरेच आहे.

प्रेषित मुहंमद (स.) यांनी हिमा मोडला नाही, त्याची मालकी बदलली. हिमा केवळ अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताचा, असे त्यांनी जाहीर केले. म्हणजे कोणा सरदाराला स्वतःसाठी जमीन अडवता येणार नाही. अडवायची तर सर्वांच्या कामासाठी. मदिनेजवळचे नकीअ हे कुरण त्यांनी घोड्यांसाठी राखले. मदिनेच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या लाव्हाच्या पट्ट्यांमधला भाग तर हरम ठरला. तिथे शिकार नाही, झाडतोड नाही. हरम आणि हिमा या वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्हींमागची दृष्टी एक आहे. मदिनेत हरणे चरताना दिसली तरी मी त्यांना बिचकवणार नाही, असे हजरत अबू हुरैरा (रजि.) म्हणत.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला प्रसंग. बुखारी शरीफमध्ये तो आला आहे. सरकारी उंट-घोड्यांसाठी सरफ आणि रबजा इथली कुरणे राखली गेली होती. राखणीवर हुनै नावाच्या माणसाला नेमताना खलिफांनी त्याला बजावले की लोकांशी नरमाईने वाग आणि पीडिताच्या तळतळाटाला भी. ज्याच्याकडे चार उंट, चार शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना मात्र येऊ देऊ नकोस. त्यांची जनावरे मेली तर त्यांच्याकडे खजुरीच्या बागा आहेत, शेती आहे. गरिबाची मेली तर तो पोराबाळांना घेऊन माझ्या दारात येईल आणि मला त्याला सोने-चांदी द्यावी लागेल. त्यापेक्षा गवत-पाणी देणे मला सोपे. पुढे ते असेही म्हणाले की लोकांना वाटते मी त्यांच्यावर जुलूम केला, कारण जमीन त्यांचीच आहे.

ज्यांची नावे घेतली ते दोघेही थोर सहाबी, खलिफांच्या अगदी जवळचे. तरी कुरणाच्या दारात त्यांना थांबवले. आज जंगल राखताना आधी गुराख्याला हटवतात आणि मागाहून रिसॉर्टला वाट देतात, तेव्हा मला हुनै आठवतो. पुढे हजरत उस्मान (रजि.) खलिफा झाले. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींत हिमा वाढवल्याचीही तक्रार होती. कुरण कोणासाठी, हा प्रश्न तेव्हाही एवढा पेटता होता.

नंतरची अनेक शतके हिमा चालला तो गावोगावच्या, टोळ्यांच्या हातात. नियम जागेप्रमाणे वेगळे. कुठे चराई बंद, पण दुष्काळात गवत कापून न्यायला मुभा. कुठे मधमाश्यांसाठी फुलोरा सरेपर्यंत जनावरांना मज्जाव. कुठे फक्त झाडे राखलेली. 1953 साली सौदी अरबस्तानात शाही फर्मानाने टोळ्यांचा हा हक्क संपला आणि कुरणे सर्वांना खुली झाली. ऐकायला न्याय्य वाटते. पण सर्वांची म्हणजे कोणाचीच नाही, असे झाले. ट्रकमधून पाणी आणि कळप कुठेही नेता येऊ लागले आणि राखलेले माळ उजाड होत गेले. चराऊ कुरणांचे अभ्यासक उमर दराज यांनी 1969 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी हिमावर अहवाल लिहिला. तोवर बरेच हिमा गेले होते.

तो परत आला लेबनॉनमध्ये, आणि पाखरांसाठी. युरोप आणि आफ्रिकेदरम्यान ये-जा करणारे करकोचे, गरुड लाखोंच्या संख्येने या चिंचोळ्या देशावरून जातात आणि बंदुकांना बळी पडतात. सरकारी अभयारण्ये थोडी, त्यात यादवीने सरकार खिळखिळे. 2004 पासून तिथल्या निसर्गरक्षण संस्थेने नगरपालिकांना हिमाची आठवण करून दिली. पहिला हिमा दक्षिणेतल्या इबल-अस-साकी गावाचा. गाव ख्रिस्ती आणि द्रूझ लोकांचे. शब्द अरबी, म्हणून तो सर्वांचाच. (शांतिसेनेतल्या भारतीय तुकडीचे ठाणेही याच गावात आहे.)

मग बेका खोऱ्यातले कफर जबद आणि अंजर. अंजरमध्ये उमय्या काळातल्या शहराचे अवशेष आहेत, आणि वस्ती आहे 1939 मध्ये मूसा डोंगरावरून विस्थापित होऊन आलेल्या आर्मेनियन ख्रिस्ती लोकांची. कफर जबद त्याच्या शेजारी. दोघांमध्ये झऱ्यांवर जगणारी एक पाणथळ. बोरूंच्या बेटांत पाणमांजर, वर स्थलांतर करणारे पक्षी, आणि जगात फारच थोड्या ठिकाणी उरलेली सीरियन सेरिन ही छोटी पिवळी चिमणी. दोन्ही गावांनी आपापल्या बाजूने हिमा जाहीर केला. राखण गावच्या लोकांकडे. गावातली मुले पाहुण्यांना पक्षी दाखवू लागली, बायका घरचे मुरंबे-लोणची विकू लागल्या. बंदुका उचलणाऱ्या काही हातांनी दुर्बिणी घेतल्या. या तरुण राखणदारांसाठी तिथे ‘हुमातुल हिमा’ असा उपक्रम आहे. हुमात हे हामीचे अनेकवचन, बडी हे असलेल्या.

शिकार थांबवणे तुलनेने सोपे. खरी ओढाताण पाण्याची आहे. उन्हाळ्यात झरे आटू लागतात तेव्हा तेच पाणी शेतकऱ्याला हवे असते आणि पाणथळीलाही. त्यात सीरियातल्या युद्धानंतर बेका खोऱ्यात निर्वासितांच्या छावण्या वाढल्या. कोणाच्या पाटात किती पाणी जाईल आणि बोरूंसाठी किती सुटेल, हे त्या दोन गावांना दर उन्हाळ्यात नव्याने ठरवावे लागते.