जळालेली दप्तरे आणि ११० काड्या

ब्रुसेल्सचा राजवाडा दरवर्षी उन्हाळ्यात काही आठवडे लोकांसाठी उघडतात. राजा तिथे राहत नाही. तो राहतो लाकेनला. इथे त्याची कचेरी. मी रांगेतून आत गेलो. आरसेमहालाच्या छतावर यान फाब्र या कलावंताने २००२ साली भुंगेऱ्यांचे सुमारे १४ लाख हिरवे पंख बसवून घेतले आहेत. सगळे माना वर करून बघत होते. मला ओढ होती ती मागच्या बाजूची. वाड्याचा इतिहास मागच्या दाराशी कळतो, हे आमच्या पिढ्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

मागे ब्रेडरोड नावाची गल्ली आहे. तिथे काँगो राज्याच्या कचेऱ्या होत्या. १८८५ ते १९०८ हा बेल्जियमच्या सुमारे ७५ पट मोठा मुलूख दुसऱ्या लिओपोल्डची खाजगी मालमत्ता होता. त्याने तिथे कधी पाऊलही ठेवले नाही. रबराचा भरणा होईपर्यंत बायकांना ओलीस धरीत. झाडलेल्या काडतुसाचा हिशेब म्हणून शिपाई माणसाचा तोडलेला हात दाखवीत. १९०८ साली मुलूख बेल्जियम सरकारकडे देण्यापूर्वी, ऑगस्टमध्ये, आठ दिवस भट्ट्या पेटवून राज्याची दप्तरे जाळली.

पण सगळेच जळाले नाही. रॉजर केसमेंटच्या अहवालाने जगभर बोभाटा झाल्यावर १९०४ साली राजाने स्वतःच चौकशी मंडळ नेमले होते. त्याच्यापुढे शेकडो काळी माणसे बोलली. बोलिमाचा प्रमुख लोंतुलू याने मंडळाच्या टेबलावर ११० काड्या मांडल्या. रबरापायी मारल्या गेलेल्या त्याच्या एकेका माणसाची एकेक काडी. सरदारांचा ढीग वेगळा, तरण्या पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा, पोरांचा वेगळा. दस्तऐवज नाही तर इतिहास नाही, असे विद्वान म्हणतात. मग या काड्या कोण वाचणार होते? १९०५ साली मंडळाचा अहवाल छापला गेला, जबान्या नाहीत. त्या १९८०च्या दशकापर्यंत संशोधकांनाही मिळत नव्हत्या.

३० जून २०२० रोजी, काँगोच्या स्वातंत्र्याला ६० वर्षे झाली तेव्हा, राजा फिलिप याने पत्र लिहून खेद कळवला. माफी नाही. २०२२च्या जूनमध्ये किन्शासाला जाऊन पुन्हा खेदच. खेदाला पैसे पडत नाहीत. माफीमागून भरपाई येईल ही धास्ती. त्याच डिसेंबरात, अडीच वर्षे चाललेली संसदेची समिती माफीच्या शब्दावर एकमत न होता उठली.