तळटीप १४ : ‘तारेत धरलेले खोड’

हे दृश्य ओमियाचे. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतल्या बोन्सायवाल्यांनी सायतामात १९२५ साली वसवलेले हे गाव. जुनिपरचे खोड वाकवण्याआधी त्यावर ओल्या राफियाच्या (एका ताडाच्या पानांच्या) पट्ट्या आवळून गुंडाळतात, म्हणजे साल फाटत नाही. मग तापवून मऊ केलेली तांब्याची तार साधारण ४५ अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी चढवतात. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तारेचा वेढा हवाच, नाहीतर नेमके तिथेच ‘कट्’ होते. आपल्याकडे याला सर्रास झाडाचा छळ म्हणतात. मला तो तार वेळेवर न सोडणाऱ्याचा आळस वाटतो. खोड जाडावते, तार सालीत रुतते, मळसूत्रासारखा व्रण वर्षानुवर्षे दिसतो. काढतानाही ती उलगडत नाहीत, तुकडे करून कापतात. – संपा.