आधी बोलणी, मग तार

भारत-बांगलादेश सीमेवर कुंपण घालणे हा आपला अंतर्गत प्रश्न आहे, शेजाऱ्याने त्यात तोंड घालू नये आणि कुंपण पुरे झाले की घुसखोरी थांबेल, हे मत आज सर्रास मांडले जाते. जानेवारी 2025 मध्ये मालदा जिल्ह्यातील कुंपणाच्या कामाला बांगलादेशाच्या सीमारक्षकांनी हरकत घेतली आणि दोन्ही देशांनी परस्परांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना पाचारण केले, तेव्हा या मताला आणखी धार चढली.

यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. या सीमेवर गुरांची आणि माणसांची चोरटी वाहतूक होते, बनावट नोटा येतात. पहारा देणाऱ्या जवानाला तारेचा आधार होतो, हे मान्यच करायला हवे. मात्र त्यावरून काढलेली दोन्ही अनुमाने टिकत नाहीत.

प्रश्न केवळ अंतर्गत असता, तर 1975 ची मार्गदर्शक तत्त्वे झालीच नसती. शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, 150 यार्डांच्या आत संरक्षणात्मक बांधकाम करायचे नाही, हे दोन्ही देशांनी तेव्हा मान्य केले. काटेरी कुंपण असे बांधकाम ठरत नाही, ही भारताची भूमिका. ते ठरते, ही बांगलादेशाची. दोघांनी मिळून ठरवलेल्या नियमाचा अर्थ एकट्याने लावता येत नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी कुंपण रेषेच्या आत उभे असल्याने आपल्याच शेतकऱ्यांची जमीन, काही ठिकाणी घरेदारेही, तारेपलीकडे राहिली आहेत. फाटक ठरल्या वेळी उघडेल तेव्हाच त्यांना शेतावर जाता येते. या कुंपणाची किंमत भारतीय नागरिकच रोज मोजतो आहे.

दुसऱ्या अनुमानाला सरकारचेच आकडे छेद देतात. 4,096 किलोमीटरच्या सीमेपैकी 3,200 हून अधिक किलोमीटरवर कुंपण झाले आहे. उरलेल्यातील सुमारे 174 किलोमीटरवर ते घालणे शक्यच नाही. बाकीचे काम रखडले त्याच्या कारणांत भूसंपादन आणि बांगलादेशाची हरकत ही दोन ठळक आहेत. म्हणजे कुंपण पुरे करायचे तरी गावकरी आणि शेजारी या दोघांची संमती लागणारच.

संमतीने काय साधते, याचा दाखला याच सीमेवर आहे. 1974 चा भूसीमा करार शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर 2015 मध्ये अमलात आला. एकमेकांच्या भूमीने वेढलेल्या भारताच्या 111 आणि बांगलादेशाच्या 51 वस्त्यांची अदलाबदल झाली. पन्नास हजारांहून अधिक माणसांना नागरिकत्व मिळाले. कोणत्याही तारेला हे जमले नसते.

म्हणून क्रम बदलायला हवा. आधी 150 यार्डांच्या नियमाचा अर्थ दोन्ही देशांनी लेखी ठरवावा, तारेपलीकडच्या शेतकऱ्याला भरपाई आणि मोकळी ये-जा मिळावी, आणि मगच जिथे गरज असेल तिथे कुंपण उभे राहावे. राष्ट्रहिताची काळजी वाहणाऱ्यांनी सरकारकडे आग्रह धरायचा तो याच क्रमाचा.