सहा खणांचा बाप कोण?

अमेरिकेतल्या कॉलेजांत निबंध आणि वादविवाद शिकणाऱ्या मुलांची गाठ एका आकृतीशी हमखास पडते. दावा, पुरावा, पुराव्यावरून दाव्याकडे जायची मुभा देणारा नियम, त्या नियमाचं पाठबळ, ‘बहुधा’सारखा जपून घातलेला शब्द आणि अपवाद, असे तिचे सहा खण. नाव ‘टूलमिन मॉडेल’.

स्टीफन टूलमिन (१९२२–२००९) केंब्रिजचा, तत्त्वज्ञ विटगेनस्टाइनच्या हाताखालचा. लीड्सला प्राध्यापक असताना १९५८ साली त्यानं ‘द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट’ लिहिलं आणि इंग्लंडातल्या तत्त्वज्ञांनी नाकं मुरडली.

आता खणांची कुळी. तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइलनं १९४९ मध्येच म्हटलं होतं, की नियमवजा विधान म्हणजे अनुमानाचं तिकीट. टूलमिनचा तिसरा खण तिथूनच आला, हे मला मान्य. पण तिकीट असलं की गाडीत बसता येतं, विषय संपला. ‘बहुधा’ आणि ‘अपवाद’ हे खण त्यातून निघत नाहीत. ते कोर्टातले. युक्तिवादाची पारख भूमितीच्या नव्हे, न्यायालयाच्या नमुन्यावर करा, असं टूलमिन स्वतःच सांगतो. त्याच्या उदाहरणातला हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून बहुधा ब्रिटिश प्रजाजन, पाठबळ कायद्याचं, पण आईबाप दोघंही परके निघाले तर? हा प्रश्न वकिलाचाच.

१९६१ मध्ये ऑटो बर्डनं ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात वेगळंच कूळ काढलं: हा तर मध्ययुगीन ‘टॉपिक्स’चा, म्हणजे युक्तिवादाच्या ठरीव साच्यांचा, पुनर्शोध! साम्य आहे, पण साम्य म्हणजे वारसा नव्हे. त्या हिशेबानं न्यायसूत्रांतले अनुमानाचे पाच अवयवही पूर्वज म्हणून उभे करता येतील, आणि कुणीतरी करीलच.

पण ही आकृती वर्गावर्गांत पोचली कशी, याचा खरा धागा मला सापडला तो तत्त्वज्ञानाच्या बाहेर. १९६० साली वेन ब्रॉकरीड आणि डग्लस एहनिंगर या वक्तृत्वाच्या दोघा अमेरिकी अध्यापकांनी ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ स्पीच’मध्ये ही आकृती वर्गात कशी वापरावी ते मांडलं. १९६३ मध्ये ती त्यांच्या ‘डिसिजन बाय डिबेट’ या पाठ्यपुस्तकात गेली. वादपटूला प्रतिपक्ष कुठे घाव घालील हे आधी हेरायचं असतं. खण त्या जागाच दाखवतात. म्हणून ती तिथे रुजली, असा माझा कयास.

आपण वक्तृत्वाचा सिद्धान्त मांडायला बसलोच नव्हतो, असं टूलमिननं पुढे स्पष्ट लिहिलं. तरी १९७९ मध्ये रीक आणि जॅनिक यांच्यासोबत ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू रीझनिंग’ हे पाठ्यपुस्तक काढून त्यानं दत्तक गेलेलं पोर परत घरी आणलंच.