मालवाहू नावेवरचा गाण्यांचा दौरा

इंग्लंडमध्ये मिक्रॉन नावाची एक नाटक कंपनी आहे. यॉर्कशरमधल्या मार्सडेन गावात तिचं बस्तान. 1972 साली सुरू झालेल्या या कंपनीने अनेक उन्हाळे कालव्यांमधून नावेने फिरत काढले. पबच्या मागचं अंगण, गावचं सभागृह, भाजीपाल्याचे वाफे असलेली सार्वजनिक बाग, जागा मिळेल तिथे खेळ. नट चारच. तेच गाणार, तेच वाजवणार, आणि दौऱ्यावर असताना नाव हाकणारेही तेच. नावेचं नाव टाइझली. ती 1936 सालची, मूळची माल वाहून नेणारी.

लोकसंगीताच्या वळणाची गाणी घेऊन जुन्या नावेतून गावोगाव फिरणं, हे ऐकायला सहलीसारखं वाटतं. पण या नावेवर राहायचं कसं, दिवसाला किती अंतर काटायचं, कुणी कुठे झोपायचं, हे सगळं अडीचशे वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं आहे. ते ठरवताना गाण्याचा विचार कुणी केला नव्हता.

जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने 1766 पासून ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा खणायला घेतला. चढउतारासाठी त्यावर लॉक बांधली. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेला दगडी हौद. नाव आत घ्यायची, दरवाजे लावायचे, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं, की नाव वरच्या किंवा खालच्या पातळीवर येते. बांधकाम आणि पाणी दोन्ही वाचावं म्हणून हौदाची रुंदी जेमतेम 7 फूट ठेवली. इतक्या अरुंद हौदातही दर वेळी लाखभर लिटर पाणी खर्ची पडतं. त्या हौदात मावतील अशाच नावा मग बांधल्या गेल्या: लांबी सुमारे 70 फूट, रुंदी 7 फुटांच्या आत. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला जुन्या प्रणालीशी सुसंगत राहणं म्हणतो, त्याचं याहून टिकाऊ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. ब्रिंडलीचं माप आजही चालू आहे.

70 फुटांतली बहुतेक जागा मालाची. माणसांसाठी मागच्या टोकाला साधारण 10 फुटांची खोली. आत शिरल्यावर कोळशाची शेगडी, तिच्या पलीकडे एक कपाट. कपाटाचं दार खाली पाडलं की त्याचं टेबल होतं. त्यापुढे नावेच्या रुंदीत आडवा पलंग, तोही दिवसा मिटून भिंतीत जाणारा. रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर पडले, तेव्हा अनेक नावाड्यांनी काठावरचं भाड्याचं घर सोडलं आणि बायकामुलांना याच खोलीत आणलं. घरभाडंही वाचलं आणि बिनपगारी हातही मिळाले. जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाच्या मोहिमेमुळे 1877 साली कायदा झाला आणि या खोल्यांची नोंदणी व तपासणी सुरू झाली. प्रत्येक मोठ्या माणसामागे 60 घनफूट हवा असावी, असा नियम आला. 60 घनफूट म्हणजे 4 फूट लांब, 4 फूट रुंद आणि पावणेचार फूट उंच खोकं. सुधारणा म्हणून आलेलं माप हे! मुलांना शाळेत घालायची तरतूदही त्यात होती, पण आज इथे तर उद्या वीस मैलांवर असलेल्या पोरांचं नाव कोणत्या शाळेच्या पटावर राहणार?

या लोकांनी गाणी कोणती गायली असतील? जात्यावरची ओवी आणि कोळीगीतं ऐकत वाढलेल्या आपल्याला वाटतं, जिथे कष्ट तिथे गाणं असणारच. पण इंग्लिश कालव्यांची खास अशी जुनी गाणी संग्राहकांच्या हाती फारशी लागली नाहीत. कारणाचा अंदाज करता येतो. शिडाच्या जहाजावर वीस जणांनी एकदम दोर ओढायचा असतो, त्याला ताल लागतो. कालव्यावर एक जण सुकाणूला, एक घोड्याबरोबर, एक पुढच्या लॉकवर. पुढे घोड्याच्या जागी डिझेल इंजिन आलं आणि त्याच्या धडधडीत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. नावाडी मेलोडियन आणि अकॉर्डियन वाजवत, पबमध्ये गातही. पण तिथे चालत ती बहुधा शहरातल्या रंगमंचावरून आलेली लोकप्रिय गाणी. त्यात बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसल्यामुळे स्वतःबद्दल त्यांनी कागदावरही थोडंच ठेवलं.

गाणी झाली ती नंतर, आणि केली बहुतेक इतरांनी. 1958 ते 1964 या काळात इवन मॅकॉल, पेगी सीगर आणि चार्ल्स पार्कर यांनी बीबीसीसाठी आठ ‘रेडिओ बॅलड’ केले. कामगारांचं ध्वनिमुद्रित बोलणं आणि त्यातून रचलेली गाणी असा तो प्रकार. त्यात रेल्वेचालक आहे, हेरिंग पकडणारे मच्छीमार आहेत, खाणकामगार आहेत, भटक्या जमाती आहेत. एम-1 हा नवा महामार्ग बांधणारे मजूरही आहेत. कालवे नाहीत. रस्त्याला गाणं मिळालं, आणि त्याच वर्षांत नावांचा माल रस्त्यावरच्या ट्रकांमध्ये चढत होता. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले आणि उरलेला धंदाही मोडला. 1968 च्या कायद्याने कालव्यांची वर्गवारी केली आणि त्यातले बरेचसे विहारासाठी म्हणून राखले. 1970 मध्ये खाणींकडून लंडनजवळच्या एका जॅमच्या कारखान्याला कोळसा पुरवणारी फेरी थांबली, आणि तिच्याबरोबर नावेवर राहून लांबचा माल वाहणाऱ्या कुटुंबांचा काळही जवळजवळ संपला. त्यानंतर दोनच वर्षांनी मिक्रॉन उभी राहिली. कोळसा गेल्यामुळेच गाण्यांना नाव मोकळी मिळाली.

ज्यांच्याबद्दल गायचं ते नुकतेच नावेवरून उतरलेले, आणि गाणारे शिकलेसवरलेले नट. हा प्रश्न नाजूक आहे. मला वाटतं, त्याचं थोडंफार उत्तर मिळतं ते नावेवरच्या दिनक्रमातून.

कालव्यावर प्रवासाचा हिशोब करायची एक सोपी रीत आहे. एक लॉक म्हणजे एक मैल धरायचा, आणि ताशी असे तीन मैल. मार्सडेनवरूनच जाणारा हडर्सफील्डचा अरुंद कालवा घ्या: लांबी 20 मैल, लॉक 74. म्हणजे हिशोबाने 94 मैल, एकतीस तासांचं काम. रेल्वेने हे अंतर तासाभराच्या आतलं. वाटेत डोंगराखालून जाणारा 5 किलोमीटरचा बोगदा आहे, 1811 साली खुला झालेला. आत घोड्यासाठी वाट नाही. घोडा डोंगरावरून जाई आणि माणसं नावेवर आडवी पडून भिंतींवर पायांनी चालत नाव पुढे ढकलत. भरलेल्या नावेला तीन तास लागत. मिक्रॉन सुरू झाली तेव्हा हा कालवा बंद पडलेला होता. स्वयंसेवकांनी लावून धरल्यावर तो 2001 मध्ये पुन्हा खुला झाला.

संध्याकाळी साडेसातचा खेळ गाठायचा तर याच हिशोबाने सकाळी निघावं लागतं. एक जण सुकाणूवर. दोघं हातात लोखंडी हँडल घेऊन पुढे चालत जाऊन लॉक तयार ठेवणार. उरलेल्याने स्वयंपाक करायचा, नाहीतर संवाद पाठ करायचे. पाऊस पडला म्हणून सुकाणू सोडता येत नाही. दमट हवेत तारांची वाद्यं सुरातून उतरतात, म्हणून कोरडी जागा आधी वाद्यांना. पोचल्यावर नाव बांधायची, सामान काठावर चढवायचं, दिवे-पडदा लावायचा, कपडे बदलून उभं राहायचं. बऱ्याच ठिकाणी तिकीट नसतं, शेवटी प्रेक्षकांमधून टोपी फिरते. मग सगळं उतरवून पुन्हा नावेत. दिवसभर लॉकचे दरवाजे पाठीने रेटल्यावर लॉकबद्दलचं गाणं गाताना त्या माणसाला कष्टाचा अभिनय निराळा करावा लागत नसेल.

तरीही एक फरक उरतोच. नट पगारावर असतो, हंगाम संपला की घरी जातो, आवडलं नाही तर पुढच्या वर्षी येत नाही. 1877 च्या नावेवरच्या पोराला हंगाम नव्हता आणि घरही तेवढंच होतं. अंगमेहनत सारखी असली तरी सक्ती सारखी नाही, आणि दौरा कितीही लांबला तरी ती उसनी आणता येत नाही.

कंपनीच्या विषयांची व्याप्ती पुढे वाढली. मधमाश्या, महिला मंडळं, सागरी बचाव नौका, अगदी फिश अँड चिप्सवरही तिने गाणी असलेली नाटकं केली. ज्यांच्याकडे थिएटर नाही अशा गावात जायचं आणि तिथल्याच कामाधामाबद्दल गायचं, ही तिची रीत. पूर्वी नावाड्यांच्या दारावरून कोळसा, धान्य, चिनी मातीची भांडी जात. कुठल्या गावाला काय लागतं हे त्यांना ठाऊक असे, पण त्यांना काय हवं हे कुणी विचारत नसे. त्यांच्याबद्दलची गाणी काठावर बसून ऐकणाऱ्याने एकदा टाइझलीच्या मागच्या टोकाकडेही पाहावं. 10 फुटांची ती खोली बाहेरून दिसते त्याहून आतून लहान असते.