गोल्फचा आयर्न सेट घेताय? क्लबवरच्या नंबरवर जाऊ नका, आधी हे समजून घ्या

गोल्फच्या दुकानात हमखास घडणारी गोष्ट. गिऱ्हाईक आपल्या जुन्या ७ नंबर आयर्नने बॉल मारतं. स्क्रीनवर आकडा येतो, १३५ यार्ड. मग नव्या मॉडेलचा ७ नंबर हातात दिला जातो. आता आकडा येतो, १५० यार्ड. एका क्लबमध्ये १५ यार्ड वाढले म्हटल्यावर कार्ड बाहेर निघतं आणि लाखभर रुपयांचा सेट गाडीच्या डिकीत जातो.

यातली गोम अशी की, वाढलेल्या १५ यार्डांपैकी बरेचसे तंत्रज्ञानामुळे वाढलेलेच नसतात. जुन्या सेटमधला ६ नंबर जे काम करायचा, जवळपास तेच काम नव्या सेटमध्ये ७ नंबर करतो. म्हणजे काही प्रमाणात फक्त नंबर बदललेला असतो. मग सेट नेमका कशावरून निवडायचा? एकेक करून बघू.

आयर्न म्हणजे कोणते क्लब?

गोल्फच्या नियमानुसार एका राऊंडला बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यात लांब मारायचा ड्रायव्हर, फेअरवे वूड, हायब्रिड, आयर्न, ग्रीनजवळ लागणारे वेज आणि शेवटी पटर असतो. आयर्न म्हणजे धातूच्या पात्यासारख्या चपट्या हेडचे क्लब. पूर्वी सेट ३ नंबरपासून सुरू व्हायचा. आता बहुतेक सेट ४ किंवा ५ पासून पिचिंग वेजपर्यंत मिळतात.

नंबर जितका लहान, तितका क्लब लांब आणि त्याचा फेस उभा. त्यामुळे बॉल खालून आणि दूर जातो. नंबर वाढला की क्लब आखूड होतो, फेस जास्त कलतो आणि बॉल उंच जाऊन जवळ पडतो. फेसच्या या कलाला लॉफ्ट म्हणतात. सगळा हिशेब या लॉफ्टभोवती फिरतो.

‘७ नंबर’ची ठरलेली व्याख्या आहे का?

नाही. ७ नंबरचा लॉफ्ट इतकाच हवा, असा नियम गोल्फमध्ये कुठेच नाही. जुन्या काळी तर क्लबना नंबरच नव्हते. मॅशी, निब्लिक अशी नावं होती. ब्रिटनमध्ये नियम ठरवणाऱ्या ‘आर अँड ए’ने १९२९ मध्ये स्टीलच्या शाफ्टला मान्यता दिली. त्यानंतर एकसारखे, मोजून बनवलेले सेट वाढत गेले आणि नावांच्या जागी नंबर रुळले. पण कोणत्या नंबरला किती अंश द्यायचे, हे कंपनीच ठरवते.

त्यामुळे आज बाजारात काय दिसतं? टायटलिस्ट टी-१०० हे चांगल्या खेळाडूंसाठीचं मॉडेल घेतलं, तर त्याच्या ७ नंबरचा लॉफ्ट ३४ अंश आहे. टेलरमेड स्टेल्थ हे सर्वसाधारण खेळाडूंसाठीचं मॉडेल घेतलं, तर तोच ७ नंबर २८ अंशांचा आहे. लागोपाठच्या दोन आयर्नमध्ये साधारण ४ अंशांचा फरक असतो. म्हणजे इथे एकाच नंबरच्या दोन क्लबमध्ये दीड क्लबचं अंतर आहे. अशा दोन क्लबची तुलना करून ‘हा लांब जातो’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

मग कंपन्या फसवतात का? तसंही सरसकट म्हणता येणार नाही. नव्या हेडमध्ये वजन खूप खाली ठेवलेलं असतं, त्यामुळे बॉल सहज वर उठतो. लॉफ्ट जुनाच ठेवला असता, तर बॉल गरजेपेक्षा उंच गेला असता. म्हणून लॉफ्ट कमी करण्यामागे कारण आहे. पण त्याचे दोन परिणाम गिऱ्हाइकाला बिल भरल्यानंतर कळतात.

पहिला परिणाम, खालच्या टोकाला पडणारी फट. नव्या सेटमधला पिचिंग वेज ४३ अंशांच्या आसपास असतो. बॅगेतला सँड वेज बहुधा ५६ अंशांचा. मधे १३ अंशांची मोकळी जागा. समजा पिचिंग वेज ११५ यार्ड जातो आणि सँड वेज ८०. मग ९५ यार्डांवरून काय मारायचं? अर्धा स्विंग करून अंदाजाने मारावं लागतं आणि नवख्या खेळाडूला नेमकं तेच सगळ्यात कठीण जातं. म्हणजे मधला एक वेज वेगळा घ्यावा लागतो. त्याचे पैसे सेटच्या किमतीत धरलेले नसतात.

दुसरा परिणाम वरच्या टोकाला. अशा सेटमधला ४ नंबर १९-२० अंशांपर्यंत खाली येतो. स्विंगचा वेग कमी असेल तर तो बॉल हवेत टिकतच नाही. मग ४ आणि ५ नंबर जवळपास सारख्याच अंतरावर पडतात. पैसे दोन क्लबचे, काम एकाचं.

हेड कसं निवडायचं?

आयर्नच्या हेडचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

ब्लेड: पातळ, मागून सपाट, छोटं हेड. बॉल नेमका मधोमध लागला तर हवा तसा वळवता येतो. जरा बाजूला लागला की अंतरही जातं आणि दिशाही.

कॅव्हिटी बॅक: मागचा मधला भाग पोखरून ते वजन कडांना दिलेलं असतं. त्यामुळे बॉल मधोमध लागला नाही तरी हेड हातात कमी वळतं आणि नुकसान कमी होतं. ही कल्पना रुजवण्यात कार्स्टन सोलहाईम यांचं नाव मोठं आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या सोलहाईम यांनी १९५९ मध्ये पिंग नावाचा पटर बनवला आणि वजन कडांना नेण्याचं तेच सूत्र पुढे आयर्नमध्येही आणलं. आज बहुतेक खेळाडू याच घराण्यातले क्लब वापरतात.

गेम इम्प्रूव्हमेंट: मोठं हेड, रुंद तळ, अनेकदा आतून पोकळ आणि पातळ फेस. चूक सगळ्यात जास्त पोटात घालणारा प्रकार. लॉफ्टही बहुधा यातच सगळ्यात कमी असतो.

निवडायचं कसं? प्रामाणिकपणे एकच प्रश्न विचारायचा: दहापैकी किती बॉल फेसच्या मध्यावर लागतात? हे बघायला फेसवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे मारा आणि दहा बॉल मारा. फेसवर ठसे उमटतात. ते एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत असतील, तर लहान हेडचा विचार करायला हरकत नाही. सगळीकडे विखुरले असतील, तर मोठं हेडच कामाचं. यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

फोर्ज्ड आणि कास्ट हा वादही नेहमी निघतो. फोर्ज्ड म्हणजे मऊ पोलाद ठोकून घडवलेलं हेड, कास्ट म्हणजे साच्यात ओतलेलं. फोर्ज्डचा फील अनेकांना आवडतो आणि ते वाकवून कोन बदलणं सोपं असतं. पण चूक माफ होते ती हेडच्या आकारामुळे आणि वजनाच्या मांडणीमुळे. फक्त ‘फोर्ज्ड’ शब्दासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

शाफ्ट: सगळ्यात दुर्लक्षित भाग

गिऱ्हाईक हेड बघून सेट घेतं, पण स्विंग करताना जाणवतो तो शाफ्ट. आयर्नचे स्टील शाफ्ट साधारण ९० ते १३० ग्रॅमचे असतात, ग्रॅफाइटचे बहुतेक ५० ते ८० ग्रॅमचे. मनगट, कोपर किंवा खांद्याचं दुखणं असेल, तर ग्रॅफाइट बरं पडतं. ते झटका कमी पोहोचवतं.

शाफ्ट किती लवचीक आहे, यावरून त्याला सीनियर, रेग्युलर, स्टिफ, एक्स्ट्रा स्टिफ असे दर्जे दिलेले असतात. पण इथेही सगळ्या कंपन्यांना लागू होणारं एकच माप नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफसारखा लागू शकतो.

इथे एक तुलना उपयोगी पडते. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे पुरुष खेळाडू ७ नंबरने सरासरी १७० ते १७५ यार्ड मारतात. एलपीजीए टूरवरच्या महिला खेळाडू सरासरी १४० यार्डांच्या आसपास. क्लबमध्ये हौसेने खेळणाऱ्या बहुतेक पुरुषांचा स्विंगचा वेग दुसऱ्या गटाच्या जवळचा असतो. तरीही टीव्हीवर बघून घेतला जातो तो पहिल्या गटाचा जड, कडक शाफ्ट. शेवटच्या चार-पाच होलला हात गळून जातात, त्याचं एक कारण हेही असतं.

लांबी आणि लाय अँगल

क्लब जमिनीवर टेकवला की शाफ्ट आणि जमीन यांच्यात जो कोन होतो, तो लाय अँगल. तो चुकला तर स्विंग चांगला असूनही बॉल भलतीकडे जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी क्लब गरजेपेक्षा उभा असेल तर बॉल डावीकडे जातो, गरजेपेक्षा आडवा असेल तर उजवीकडे. मग खेळाडू आपल्या स्विंगमध्ये दोष शोधत बसतो आणि नसलेली चूक सुधारायला जाऊन खरी चूक लावून घेतो.

उंची बघून अंदाज करणंही पुरेसं नाही. दोन माणसं सारख्या उंचीची असली, तरी एकाचे हात लांब असू शकतात. म्हणून फिटिंग करणारे मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजतात. पिंग कंपनीच्या क्लबवर जे रंगीत ठिपके दिसतात, ते या लाय अँगलसाठीच असतात. काळा ठिपका म्हणजे स्टँडर्ड.

घरच्या घरी करता येणारी एक चाचणी आहे. बॉलवर मार्करने जाड रेष काढा. रेष उभी आणि फेसच्या बाजूला येईल असा बॉल ठेवा आणि मारा. फेसवर उमटलेली रेष सरळ उभी असेल तर लाय बरोबर. तिरपी असेल तर फिटिंग करून घ्या.

पावसाळा, ओली जमीन आणि सोल

क्लबच्या तळाला सोल म्हणतात. सोल रुंद असेल तर क्लब मऊ जमिनीत रुतत नाही, घसरत पुढे जातो. मुंबई-पुण्याकडे पावसाळ्यात फेअरवे मऊ होतात, तिथे हे उपयोगी पडतं. उन्हाळ्यात टणक झालेल्या जमिनीवर मात्र फार रुंद सोल आपटून उसळू शकतो आणि बॉल वरच्या भागात लागतो. बॉलच्या आधी जमिनीत क्लब घुसतो, अशी सवय असेल तर रुंद सोलकडे झुका. बॉल अलगद उचलून मारत असाल तर मध्यम सोल पुरे.

दमट हवेत आणखी एक गोष्ट: ग्रिप. घामाने ग्रिप सरकली की हात घट्ट आवळले जातात आणि स्विंग बिघडतो. हाताच्या मापाची, पकड देणारी ग्रिप लावून घ्या आणि गुळगुळीत झाली की बदला. सेटच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

ट्रायल घेताना काय बघायचं?

सगळ्यात लांब गेलेला बॉल विसरा. त्याऐवजी चार गोष्टी बघा.

पहिली, दहापैकी सगळ्यात वाईट तीन बॉल कुठे पडले. सेट त्यांच्यासाठी घ्यायचा असतो.

दुसरी, बॉल कोणत्या कोनात खाली येतो. लाँच मॉनिटरवर हा आकडा दिसतो. साधारण ४५ अंश किंवा त्याहून जास्त असेल तर बॉल ग्रीनवर थांबण्याची शक्यता चांगली. बराच कमी असेल तर १५० यार्ड जाऊनही तो ग्रीनच्या मागे पळतो.

तिसरी, दोन्ही क्लबचा लॉफ्ट किती आहे. नंबर सोडा, अंश विचारा. ३४ अंशांच्या क्लबची तुलना ३४ च्या आसपासच्या क्लबशीच करा.

चौथी, फक्त ७ नंबरवर निर्णय नको. सेटमधला सगळ्यात लांब आयर्नही मारून बघा. तो उठत नसेल तर सेट ५ किंवा ६ पासून घ्या आणि वरती हायब्रिड ठेवा.

शक्य असेल तर गवतावर मारा. मॅटवर क्लब बॉलच्या मागे पडला तरी घसरून पुढे जातो आणि शॉट चांगला वाटतो. खऱ्या गवतात तोच शॉट अर्ध्या अंतरावर पडतो.

सेकंड हँड सेट घ्यावा का?

नवख्यासाठी तो बऱ्याचदा जास्त शहाणपणाचा पर्याय असतो. आयर्नचं तंत्रज्ञान दर वर्षी फार बदलत नाही. पाच-सहा वर्षं जुना चांगला सेट बराच स्वस्तात मिळतो. फक्त तपासून घ्या. फेसवरच्या खाचा झिजल्यात का? सगळ्या क्लबना एकच शाफ्ट आहे का? किनाऱ्याकडच्या हवेत राहिलेल्या स्टील शाफ्टवर गंज आहे का? ग्रॅफाइटवर खोल ओरखडे आहेत का? आधीच्या मालकाने लाय बदलून घेतला होता का?

आणि सोशल मीडियावर यंदाचं मॉडेल ‘नवं, सीलबंद, अर्ध्या किमतीत’ दिसलं तर थांबा. गोल्फ क्लबची नक्कल सर्रास होते. सीरियल नंबर आणि बिल मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर नाद सोडा.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

नुकतीच सुरुवात केली असेल तर पूर्ण सेटची गरजच नाही. एक हायब्रिड, ६, ८, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर एवढ्यावर वर्षभर खेळता येतं. स्विंग बसेपर्यंत तो बदलत राहतो, त्यामुळे महागडं फिटिंगही तोवर लांबवा.

नियमित खेळता, पण राऊंडमध्ये शॉट विखुरतात? मग ६ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंतचा कॅव्हिटी बॅक किंवा गेम इम्प्रूव्हमेंट सेट, हलका शाफ्ट, वरती दोन हायब्रिड आणि खाली फट भरणारा एक वेज. बजेट ठरवताना हा वेज धरूनच ठरवा.

हँडिकॅप एक आकडी आहे, फेसवरचे ठसे एका जागी येतात? तर लहान हेड आणि जुन्या पद्धतीचे लॉफ्ट तुमच्या कामाचे. तिथे यार्ड थोडे कमी पडतील, पण प्रत्येक क्लब किती अंतर जाणार, हे आधी सांगता येईल.

आणि तिन्ही गटांसाठी एक सूचना सारखीच: दुकानात जाण्याआधी सध्याच्या प्रत्येक क्लबचा लॉफ्ट आणि त्याने जाणारं अंतर एका कागदावर लिहून न्या. नवा सेट कुठली फट भरतो आणि कुठे नवी फट पाडतो, ते तिथल्या तिथे समजेल.